न्हाव्याच्या आरशावरची आई

संताचं तोंड रंगवायला तीन फटकारे पुरतात. वरच्या ओठाला दोन, खालच्याला एक. बेलार्मिनो ओरिउएलानं, क्युबा सोडून आलेल्यांनी भरलेल्या हायलिया गावातल्या प्लास्टरच्या मूर्तींच्या कारखान्यात बावीस वर्षं हेच काम केलं. कुबड्यांवर रेललेला सान लासारो, लाल झग्यातली सांता बार्बारा, होडीतल्या तिघांना सांभाळणारी कारिदाद, अशा किती जणांची तोंडं त्याच्या हाताखालून गेली याला गणती नाही. हायलियात एखाद्या घराच्या अंगणात, जाळीच्या कुंपणाआडच्या काचेच्या देव्हाऱ्यातला संत जरासा दचकल्यासारखा दिसला, तर तो बेलार्मिनोच्या हातचा समजावा. कारखान्याचा मालक म्हणायचा, "मिनो, अरे ही स्वर्गातली माणसं. घरात साप निघाल्यासारखी का बघतायत?"

"तिथून आपल्याला बघतात ना, म्हणून," बेलार्मिनो म्हणायचा आणि पुढची मूर्ती ओढायचा.

पण स्वतःच्या आईचं तोंड काही त्याला येईना. वयाच्या शहात्तराव्या वर्षी तो मागच्या व्हरांड्यात कॅनव्हासपुढे बसून चौथ्यांदा ते खरवडून काढत होता. डोळे जमले होते. कपाळावरची आठी आली होती. एका कानातलं डूल आलं होतं, दुसरं तिनं कधीच हरवलं होतं तेही जमलं होतं. तोंड काढलं की मात्र बाई रागावलेली दिसायची.

"पुन्हा चिडली का रे?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको सोराइदा विचारायची.

"चिडली."

"मग जेवून घे. उपाशी माणसाला सगळं जग चिडलेलंच दिसतं."

हा सगळा खटाटोप एका थापेमुळे चालला होता. शहरातल्या एका कॉलेजच्या कलादालनाचं काम बघणारी इरेला मोंतेआगुदो नावाची तरुण बाई उन्हाळ्यात घरी आली होती. बेलार्मिनोच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं तिच्या मनात होतं. आजवर त्याची चित्रं लागली ती चर्चच्या हॉलमध्ये, एका दंतवैद्याकडे आणि निकानोर पूपोच्या केशकर्तनालयात. इरेलानं कुठूनसं एक जुनं कात्रण मिळवलं होतं. त्यात लिहिलं होतं, की ओरिउएला यांचं सर्वांत चांगलं चित्र म्हणजे समुद्रात खुर्ची टाकून बसलेली त्यांची आई.

"ते चित्र कुठं आहे, ओरिउएला साहेब?" तिनं विचारलं.

"आहे," बेलार्मिनो म्हणाला.

नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात निकानोरच्या दुकानाचं छप्पर उडालं, तीन दिवस पाणी आत आलं, आणि आरशावर टांगलेलं ते चित्र फुगलं, कुजलं. निकानोरनं ते ओल्या गाद्या नि मोडक्या खुर्च्यांबरोबर रस्त्याकडेच्या ढिगावर ठेवलं. त्याचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.  निकानोर त्या दिवसापासून चित्राचा विषय निघाला की कात्री शोधायला लागायचा, कात्री हातात असली तरी.

प्रदर्शन नोव्हेंबरात होतं. चित्र पुन्हा काढायचं, एवढंच बेलार्मिनोनं ठरवलं. आपणच काढलेलं, त्यात काय अवघड? पण मूळ चित्रातलं आईचं तोंड त्याला आठवत नव्हतं. खरं तर काळजी प्रदर्शनाची नव्हती. आपण देश सोडून निघालो त्या सकाळी आई रागावलेली होती का, हा प्रश्न तो चौतीस वर्षं टाळत आला होता, आणि आता तो रोज सकाळी कॅनव्हासवर येऊन बसायला लागला होता.

त्याची आई अल्ताग्रासिया क्युबातल्या हिबारा नावाच्या बंदरात कपड्यांना खळ घालून इस्त्री करायची. नवरा किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या मालबोटीवर आचारी, महिन्यातून दोन दिवस घरी. सकाळी फडक्यातून कॉफी गळत असताना ती रात्रीचं स्वप्न सांगायची. सात वाजता भाजीची हातगाडी घेऊन अफोंसो ली यायचा. भाजी असायची नावाला. त्याचं खरं काम आकडे घेण्याचं, तेही चोरून.

"काय बघितलंस, अल्ताग्रासिया?"

"अरे, चर्चच्या पायरीवर एक नन मासे तळत बसली होती."

"नन म्हणजे पाच, मोठा मासा दहा," अफोंसो टोमॅटो निवडता निवडता म्हणायचा.

क्युबात प्रत्येक आकड्याला एक जीव चिकटलेला असतो. एक घोडा, दोन फुलपाखरू, तीन खलाशी, आठ मेलेला माणूस, नऊ हत्ती. चिनी माणसांनी कधीकाळी ही यादी आणली, तिला चारादा म्हणतात, आणि पाढे न येणाऱ्यालाही ती तोंडपाठ असते. रात्री जे दिसेल त्याचा आकडा सकाळी लावायचा. अल्ताग्रासियाला काय काय दिसायचं! हत्ती तिच्या टेबलावर इस्त्री करायचा आणि काठांना सुरकुती पडू द्यायचा नाही. चंद्र कपड्यांच्या बादलीत पडायचा, आणि कितीही पिळला तरी पाणी निथळत राहायचं. आकडा कधी लागला नाही, पण सकाळ चुकली नाही. तिचा एकच नियम होता. वाईट स्वप्न उपाशीपोटी सांगायचं नाही, सांगितलं तर खरं होतं. आधी पावाचा तुकडा तोंडात, मग स्वप्न.

अठराव्या वर्षी ओल्गीनच्या वाचनालयात बेलार्मिनोनं एका मासिकात पॅरिसच्या चित्रकारांची चित्रं पाहिली. ती बघून वाचनालयातल्या लोकांची डोकी चक्रावत. बेलार्मिनोला वाटलं, या चित्रकारांच्याही आया सकाळी स्वप्नं सांगतात वाटतं. मग तो हवानाला चित्रकला शिकायला गेला. तिथं मास्तरांनी विचारलं, "तुझ्यावर प्रभाव कुणाचा?" इस्त्रीवाली आई आकडा लावते हे सांगायची त्याला लाज वाटली. "पॅरिसचा," तो म्हणाला. एकदा म्हटलं ते म्हटलं. पुढं आयुष्यभर कुणीही विचारलं तरी तो अतिवास्तववाद, पॅरिस, ते मासिक, असं पाठ केल्यासारखं सांगायचा. आणि सांगताना कान लाल व्हायचे.

परत येऊन तो हिबाऱ्यात भिंतीवरच्या घोषणा रंगवायला लागला. ऊसतोडीच्या हंगामात त्यानं एका गोदामावर तीन मीटर उंच ऊसतोड्या काढला. साहेब बघायला आले.

"याची सावली कुठंय?"

"जेवायला गेलीय," बेलार्मिनो म्हणाला.

त्यानंतर त्याला कुंपणांना चुना लावायचं काम दिलं. बारा वर्षं. घरात मात्र त्याची हत्तींची, नन बायकांची नि बोटींची चित्रं भिंतीला टेकून वाढत गेली. ऐंशी सालच्या मे महिन्यात, ज्यांना देश सोडून जायचंय त्यांनी बोटीनं जा, असं सरकारनं जाहीर केलं तेव्हा तोही यादीत नाव घालून आला. चाळिशी उलटली होती. आईजवळ तो एकटाच होता.

निघायच्या सकाळी दारात यादीवाला माणूस उभा. रस्त्यावर शेजारीपाजारी अंडी घेऊन जमलेले. जाणाऱ्यांच्या पाठीवर फोडायची, तशी तेव्हा रीतच पडली होती. आई चुलीपाशी होती. कॉफी गळत होती. बेलार्मिनोनं रोजच्यासारखं विचारलं, "आई, आज काय पाहिलंस?"

तिनं मान हलवली. तोंडावर हात ठेवला. एक शब्द बोलली नाही. तो उंबऱ्यापर्यंत गेला, मागं वळला, ती तशीच उभी. मग अंडी. सात वर्षांनी ती गेली. मधल्या काळात तीन पत्रं आली, तीही दुसऱ्याच्या हातची, आणि एकदा फोन, ज्यात फक्त घरघर ऐकू आली. आई आपल्यावर रागावली, तिनं आपल्याला निरोपसुद्धा दिला नाही, ही गाठ त्यानं मनात जी मारली ती मारली.

समुद्रापलीकडे हायलियात मूर्तींच्या कारखान्यात काम मिळालं, सोराइदा मिळाली. ती कामाग्वेची, शिलाई कारखान्यात बाह्या जोडायची. पहिल्याच भेटीत तिनं त्याच्या शर्टाची बाही ओढून बघितली आणि म्हणाली, "ही कुणी जोडली? त्याला तुरुंगात टाका." रविवारी तो चित्रं काढायचा. पंच्याऐंशी साली निकानोर पूपोनं दुकान काढलं. निकानोर हिबाऱ्याच्याच बाजूचा, दोघं एकाच बोटीतून आलेले. दुकानाच्या उद्घाटनाला बेलार्मिनोनं मांडीवर हत्ती घेऊन बसलेल्या आईचं ते चित्र दिलं. आरशाच्या वर खिळा ठोकून ते टांगलं.

आणि तिथून त्याच्या कपाळाला कटकट लागली.

दाढीला बसलेली माणसं मान मागं टाकून दुसरं काय बघणार? चित्र बघायची. आणि हायलियातला माणूस हत्ती बघतो तेव्हा त्याला हत्ती दिसत नाही, नऊ दिसतो. पहिल्याच महिन्यात कुणा बसवाल्याला चित्रावरून लॉटरी लागली. फार मोठी नव्हे, पण बातमी पसरायला तेवढी पुरली. मग दर रविवारी बेलार्मिनोच्या घरी कलारसिक यायला लागले. हातात पेरूचा मुरंबा भरलेले खुसखुशीत पास्तेलितो, खिशात पेन्सिल.

"वा, वा, काय रंग! मिनो, तो कोपऱ्यातला मोर आहे का रे?"

"तो मोर नाही. ती विसरलेली बाई आहे."

"पण पिसारा आहे. तेरा. लिहून घे, गे."

बेलार्मिनो संतापायचा. चिडून त्यानं एकदा मुद्दाम एक चित्र काढलं, रिकाम्या खोलीत एक रिकामी खुर्ची. प्राणी नाही, पक्षी नाही, बोट नाही. लोक बराच वेळ गप्प उभे राहिले. बेलार्मिनोला वाटलं, जिंकलो. मग कोपऱ्यावर खिडकीतून कॉफी विकणारी काचिता हळूच म्हणाली, "गेला गं बिचारा. आठ."

त्या दिवशी त्यानं पास्तेलितोसुद्धा खाल्ले नाहीत. "यांना चित्र दिसतच नाही," तो सोराइदाला म्हणाला, "यांना नुसते आकडे दिसतात. आंधळे आहेत सगळे." सोराइदा उरलेले पास्तेलितो झाकून ठेवायला लागली. ती स्वतः दर शनिवारी त्याच्या चित्रावरून आकडा लावते हे तिनं त्याला तीस वर्षांत सांगितलेलं नव्हतं.

तर आता ऑक्टोबर संपत आला होता, आणि आईचं तोंड पाचव्यांदा चिडलेलं आलं होतं. बेलार्मिनोनं ब्रश पाण्याच्या डब्यात टाकला.

"फोन कर त्या पोरीला," तो म्हणाला. "सांग, चित्र हरवलंय."

सोराइदा हात पुसत बाहेर आली. कॅनव्हासपुढे उभी राहिली. "हत्ती तसाच आहे. बोटही तशीच. पण काहीतरी नाहीये यात."

"काय?"

"मला काय माहीत? माझ्या घरात थोडंच होतं ते. ज्यानं वीस वर्षं बघितलं त्याला जाऊन विचार."

"निकानोरला? निकानोरनं चित्र कधी बघितलंय? त्यानं आकडे बघितले."

"मग आकडे विचार."

"मी? मी निकानोरकडे जाऊन आकडा मागू?"

"नको मागूस, म्हाताऱ्या," सोराइदा आत जात म्हणाली. "तुझी आई राहू दे चिडलेली. तुला सवय आहेच."

हे जरा जास्तच लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निकानोरच्या दुकानात जाऊन बसला. आरशावर तो खिळा अजून होता. त्यावर टायरच्या दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं. बाकावर एवेलिओ नावाचा निवृत्त ट्रकवाला डॉमिनोच्या सोंगट्या पुसत बसला होता.

"ये, उस्ताद!" निकानोरनं त्याच्या गळ्याभोवती कपडा बांधला. "केस की दाढी?"

"दोन्ही. आणि एक आकडा."

निकानोरचा हात थांबला. एवेलिओचाही.

"काय म्हणालास?"

"आकडा, आकडा! बहिरा झालास का? माझ्या आईच्या चित्रावर तू कुठला आकडा लावायचास?"

निकानोर इकडंतिकडं बघत कात्री शोधायला लागला. "उस्ताद, ते चित्र मी त्या दिवशी... म्हणजे वरून नुसतं पाणी ओतत होतं रे, त्यावर बुरशी इतकी..."

"ते राहू दे. आकडा सांग."

"नऊ, तेवीस, दोन." हे मात्र त्यानं घडाघडा सांगितलं. "दर शनिवारी. वीस वर्षं. चित्र गेलं तरी लावतोच आहे. अजून लागला नाही, पण मी सोडलेला नाही."

"नऊ, हत्ती. मांडीवर, मांजरासारखा. बरोबर," बेलार्मिनो बोटांवर मोजत म्हणाला. "तेवीस, आगबोट. घराच्या कौलांवरून चाललेली. बरोबर. दोन?"

"दोन. फुलपाखरू."

"फुलपाखरू नव्हतं."

"नव्हतं?" निकानोरला आता खरोखर राग आला. "ऐक रे एवेलिओ! नव्हतं म्हणतो! तू चित्र काढलंस आणि घरी गेलास. तिच्याखाली वीस वर्षं उभा कोण होता? सकाळी शटर उघडलं की पहिलं तोंड कुणाचं बघायचो? बायकोचं बघितलं नसेल इतकं तुझ्या आईचं बघितलंय. एवेलिओ, फुलपाखरू होतं की नव्हतं?"

"होतं," एवेलिओ म्हणाला. "मी दोनदा हरलोय त्याच्यावर."

"कुठं होतं?" बेलार्मिनोचा आवाज बारीक झाला होता.

निकानोरनं साबणाच्या वाटीत ब्रश फिरवला, बोटावर फेस घेतला आणि बेलार्मिनोच्या ओठांवर आडवा लावला. मग एक पट्टा डाव्या गालावर ओढला, एक उजव्या. "इथं. हे अंग ओठांवर, हा पंख इकडं, हा तिकडं. ओठ दिसतच नव्हते. पहिले सहा महिने मला वाटत होतं, बाईला मिशी आहे."

"न्हाव्याला दुसरं काय दिसणार," एवेलिओ म्हणाला.

बेलार्मिनोला तोंडावरच्या फेसामुळे नीट बोलता येईना. तो ओठ न हलवता म्हणाला, "रागावली होती का?"

"कोण?"

"आई."

"रागावली? छे!" निकानोरनं वस्तरा चामड्यावर फिरवला. "रागावलेल्या माणसाच्या तोंडावर फुलपाखरू बसतं होय? जपत होती रे ती. बोलली असती तर उडालं नसतं का ते? म्हणून गप्प बसली होती बिचारी. डोळ्यांत बघ, किती बोलायचं होतं तिला."

बेलार्मिनोनं आरशात बघितलं. तेच डोळे. तीच आठी. तोंड पांढऱ्या फेसानं मिटलेलं.

मग ती सकाळ त्याच्यापुढे उभी राहिली, चौतीस वर्षं उभी होती त्याच जागी, फक्त आता त्याला ती नीट दिसली. कॉफी गळत होती. पण टेबलावर पाव नव्हता. यादीवाला दारात, घाई, त्या दिवशी घरात कुणीच काही खाल्लं नव्हतं. आणि आई उपाशीपोटी वाईट स्वप्न सांगायची नाही. बोटीनं निघालेल्या मुलाबद्दल तिला रात्री काहीतरी दिसलं होतं, आणि ते खरं होऊ नये म्हणून तिनं तोंडावर हात ठेवला होता. काय दिसलं होतं ते कुणाला कळायचा आता मार्ग नाही. पण ते झालं नाही. बोट पोचली. म्हातारा खुर्चीत जिवंत बसला होता.

म्हणजे पंच्याऐंशी साली त्याच्या हाताला हे ठाऊक होतं. हातानं फुलपाखरू काढलं, निकानोरच्या खिळ्याला टांगलं, आणि डोकं मात्र तेवढंच विसरून गेलं.

"उस्ताद, हलू नकोस, कापेल," निकानोर म्हणाला. मग जरा वेळानं, "अरे, रडतोस काय? साबण डोळ्यांत गेला का?"

"गेला," बेलार्मिनो म्हणाला.

"गेलाच असेल," एवेलिओ सोंगट्यांकडे बघत म्हणाला. "हा साबण माझ्याही डोळ्यांत जातो."

घरी येऊन त्यानं दुपारपर्यंत काम केलं. सोराइदानं खिडकीतून दोनदा डोकावून बघितलं आणि काही विचारलं नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवेना.

"चिडली का?"

"नाही," बेलार्मिनो म्हणाला. "बघून जा."

ती आली. दोन मिनिटं उभी राहिली. तिचे ओठ काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही," सोराइदा घाईघाईनं म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी कॉलेजच्या त्या पांढऱ्याशुभ्र दालनात अर्धं हायलिया आलं. काचितानं खिडकी बंद ठेवली होती, तळलेल्या क्रोकेतांचं ताट स्वतः घेऊन आली होती. निकानोर सुटात होता. इरेलानं भाषण केलं. पॅरिस, मासिक, स्वप्नांची भाषा. सगळं छान होतं. कॉलेजचे लोक माना डोलावत होते. मग तिनं आईच्या चित्राकडे हात केला आणि म्हणाली, "हे चित्र पंच्याऐंशी सालचं..."

"नाही," बेलार्मिनो म्हणाला.

सगळे वळले. त्याला चार माणसांपुढे बोलायची कधी सवय नव्हती. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "बाई, मी तुम्हाला थाप मारली. हे गेल्या महिन्यातलं आहे. जुनं या न्हाव्यानं फेकलं."

"पावसानं फेकलं!" निकानोर मागून ओरडला.

"पावसानं फेकलं. आणि अजून एक. पॅरिसची पण थापच." त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे मासिक बघितलं होतं, ते खरं. पण माझी आई सकाळी स्वप्न सांगायची आणि आकडा लावायची. हत्ती तिचा आहे. नन पण तिचीच. ही जी माणसं तीस वर्षं माझ्याकडे पेन्सिल घेऊन येतात ना, त्यांना मी आंधळे म्हणायचो. हे फुलपाखरू मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं."

एवढं बोलून त्यानं टोपी डोक्यावर घातली. कॉलेजच्या लोकांना टाळ्या वाजवाव्या की नाही कळेना. हायलियाच्या लोकांनी वाजवल्या, आणि त्या गडबडीत निदान सहा जणांनी खिशातून पेन्सिली काढल्या. इरेला त्याच्याजवळ आली. तो ओशाळून काही म्हणणार, तेवढ्यात तिनंच हळूच विचारलं, "साहेब, फुलपाखरू म्हणजे दोनच ना? माझ्या आजीला सांगायचंय."

प्रदर्शन संपल्यावर कॉलेजनं ते चित्र ठेवून घ्यायची इच्छा दाखवली. बेलार्मिनोनं दुसरी दोन दिली. आईला त्यानं निकानोरच्या खिळ्यावर परत नेलं. निकानोरनं आधी छपरावर तीनदा चढून बघितलं, मग कॅलेंडर काढलं.

त्या शनिवारी बेलार्मिनो ओरिउएलानं आयुष्यात पहिल्यांदा आकडा लावला. नऊ, तेवीस, दोन. निकानोर त्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत हात धरून घेऊन गेला, जसं काही त्याचा बाप्तिस्माच होता. संध्याकाळी आकडा फुटला. सोळा. म्हणजे बैल.

"बैल!" सोराइदानं कपाळावर हात मारला. "आणि मी इथं इतकी वर्षं तुझ्या चित्रांतल्या हत्तींवर लावतेय. घरात बैल बसलेला असताना!"

बेलार्मिनो तिच्याकडे बघतच राहिला. "तू? तू लावतेस?"

"गप्प बस," ती म्हणाली. "कारिदादची शपथ, फक्त शनिवारी."

त्याला राग यायला हवा होता. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, आला नाही. आईचा आकडा तरी कुठं कधी लागला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी होत होती. कुंपणापलीकडच्या देव्हाऱ्यात त्याच्याच हातचा एक सान लासारो दचकून उभा होता. बेलार्मिनो टेबलाशी येऊन बसला, आणि हिबारा सोडल्यापासून त्यानं जे कुणाला विचारलं नव्हतं ते बायकोला विचारलं.

"आज काय पाहिलंस?"

सोराइदानं त्याच्याकडे बघितलं. पावाचा तुकडा मोडला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"आधी खा," ती म्हणाली. "मग सांगते."